हरळीला खत घालणारी माणसं

एप्रिलच्या सुरुवातीला टीव्हीवर गोल्फची मास्टर्स स्पर्धा लागते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा नॅशनल हे मैदान, आणि गोल्फमधलं ओ की ठो न कळणाराही थबकेल असा त्याचा हिरवा रंग. एकदा वडिलांना सांगितलं, की या मैदानावरचं मूळ गवत म्हणजे आपली हरळी. त्यांनी उभ्या आयुष्यात नांगरट झाली की हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालचे दोर, वेचून बांधावर वाळत टाकल्या आहेत. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आणि हे लोक तिला खत घालतात?"

घालतात. त्यासाठी वर्षाचं वेळापत्रक आखतात, माती तपासतात, आणि हे सगळं सांभाळायला शिकलेला माणूस पगारावर ठेवतात. त्याच जॉर्जियात, अटलांटाच्या उपनगरात माझा मावसभाऊ राहतो. त्याच्या घरापुढेही हीच हरळी आहे. पहिल्या वर्षी दादाने मार्चमध्ये, शेजारपाजारी हिरवं दिसायला लागलं म्हणून, दुकानातून पोतं आणून पसरलं. एप्रिलमध्ये त्याच्या अंगणात तण कमरेत वाकून काढावं लागेल इतकं माजलं आणि हरळी होती तशीच पिवळी राहिली. त्याचं काय चुकलं ते समजून घ्यायचं, तर गोल्फ मैदानावरचे लोक हा हिशेब कसा मांडतात ते बघावं लागेल.

दूर्वा, हरळी, बर्म्युडा: तिन्ही एकच

गणपतीला एकवीस वाहतो ती दूर्वा, शेतात नकोशी होते ती हरळी आणि अमेरिकेत बर्म्युडा ग्रास म्हणतात ते, हे शास्त्राच्या वहीत एकच गवत आहे: सायनोडॉन डॅक्टिलॉन. नावात बर्म्युडा असलं तरी ते मूळचं बर्म्युडा बेटाचं नाही.

मैदानावर मात्र बहुधा तिची संकरित जात असते. आपली दूर्वा आणि दक्षिण आफ्रिकेतली तिची बारीक पानांची बहीण यांच्या संकरातून 'टिफवे' ही जात आली. जॉर्जियातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रातून ती १९६० साली बाहेर पडली. 'टिफ' हे टिफ्टनचं. ही जात वांझ आहे, तिला उगवणारं बी धरत नाही. म्हणून आपण उसाची टिपरी लावतो तशा तिच्या कांड्या मातीत दाबून लागवड करतात.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मला स्वतःला हे कळलं तेव्हा गंमत वाटली होती. ती जात काढणारे ग्लेन बर्टन बाजरीवरही काम करत. त्यांच्याच टिफ्टनमधून 'टिफ्ट २३ए' नावाचा बाजरीचा नर-वंध्य, म्हणजे कामाचे परागकण न धरणारा, वाण भारतात आला आणि त्याच्या आधारावर १९६५ मध्ये आपल्याकडची पहिली संकरित बाजरी, एचबी-१, तयार झाली. म्हणजे गोल्फचं गवत आणि नगर-नाशिककडच्या ताटातल्या भाकरीचा एक धागा, दोन्ही एकाच गावातून निघाले.

बाजरीचा उल्लेख आलाच आहे, तर हरळीचा स्वभावही त्याच ओळीत सांगता येईल. बाजरी, ज्वारी, मका, ऊस आणि हरळी या सगळ्या उन्हात रमणाऱ्या वनस्पती. कडक ऊन आणि उबदार माती मिळाली की त्या झपाट्याने अन्न बनवतात. थंडी पडली की बसतात. गव्हाचा स्वभाव उलटा. वर्षभराच्या खताचं सगळं गणित या एका फरकावर उभं आहे.

फेअरवेला एवढी भूक कशाची?

गोल्फमध्ये चेंडू जिथून पहिल्यांदा मारतात ती जागा म्हणजे टी, आणि जिथे भोक असतं तो गुळगुळीत तुकडा म्हणजे ग्रीन. या दोहोंमधला कापलेला लांब पट्टा म्हणजे फेअरवे. अठरा भोकांच्या मैदानावर सगळे फेअरवे मिळून पंचवीस-तीस एकर भरतात. ग्रीनचं क्षेत्र त्यापुढे चिमूटभर. ग्रीनवर खत थोडं चुकलं तर पैशांनी फारसं बिघडत नाही, फेअरवेवर चुकलं तर टनाच्या हिशेबात चुकतं.

बांधावर कुणी काही न घालता हरळी माजते, मग इथे खत कशाला, हा वडिलांचा प्रश्न रास्त आहे. बांधावरच्या हरळीकडून आपल्याला काही नको असतं. ती उन्हाळ्यात पिवळी पडली, मध्येमध्ये विरळ झाली, तरी कुणी विचारत नाही. फेअरवेवरची हरळी आठवड्यातून दोन-तीनदा दहा ते पंधरा मिलिमीटर उंचीवर कापली जाते. तिच्यावरून गाड्या जातात. दर फटक्याला काठी गवताचा तळहाताएवढा ढलपा उडवते आणि ते भोक दोन-तीन आठवड्यांत भरून यावं अशी अपेक्षा असते. खत घालायचं ते या भरून येण्यासाठी. हिरवा रंग त्याच्या मागून येतो.

उलट, भूक आहे म्हणून भरमसाट घातलं तर हरळी सूड उगवते. पानं आणि धावते दोर इतके वाढतात, की जमिनीवर मेलेल्या-जिवंत काड्यांचा गादीसारखा थर साचतो. पाणी त्या गादीतच अडतं, कापणी यंत्राची चाकं रुततात आणि पातं हिरवा भाग खरवडून तपकिरी बुडखे उघडे पाडतं. मग मैदानाचा माणूस म्हणतो, गवताला काय झालं? काही झालेलं नसतं, त्याला अजीर्ण झालेलं असतं.

मार्चमध्ये काय चुकलं?

हरळीला जाग येते ती मातीच्या उबेने. वरच्या दहा सेंटिमीटर मातीचं तापमान अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास टिकायला लागलं, की ती खऱ्या अर्थाने हिरवी होऊ लागते. माती दहा अंशांच्या खाली गेली की झोपते आणि पेंढ्याच्या रंगाची होते. मेलेली नसते, जमिनीखालच्या काशांत साठवलेल्या साखरेवर दिवस काढत असते.

अटलांटात मार्चमध्ये दुपारी बाहेर शर्टावर फिरता येतं. माती मात्र अजून गार असते. दादाने घातलेलं खत झोपलेल्या हरळीने उचललंच नाही. ते हिवाळी तणांनी उचललं, जी जागीच होती. भर म्हणून एप्रिलमध्ये एखाद्या पहाटे पुन्हा दहिवर गोठतं. खताच्या लालचेने वेळेआधी फुटलेले कोवळे कोंब त्यात करपतात, आणि पुन्हा फुटण्यासाठी काशांतली शिल्लक खर्ची पडते.

म्हणून पहिला हप्ता कधी, याचं उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात नाही. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर ते देतो, आणि दुसरी खूण म्हणजे कापणी. दोन-तीनदा कापण्याइतकं गवत वाढलं, की भूक लागली असं समजायचं.

वर्षाचं नत्र महिन्यांत वाटताना

आता मुख्य अन्नाकडे. नत्र (नायट्रोजन) म्हणजे पानांची वाढ घडवणारं अन्न. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) ही दुसरी दोन. त्यांच्याकडे नंतर येऊ, कारण त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा लागतो. नत्र किती घालायचं हे मातीपरीक्षण सांगू शकत नाही. पाऊस पडला, ऊन तापलं, की मातीतलं नत्र आठवड्याभरात बदलतं. आजचा अहवाल पुढच्या महिन्यात कामाचा नसतो. म्हणून नत्र हवामान बघून ठरवायचं.

त्यासाठी अमेरिकेतल्या पेस टर्फ या सल्लागार संस्थेने एक सूत्र रूढ केलं. त्याला 'वाढीची क्षमता' म्हणतात. सूत्राचं गणित बाजूला ठेवू, कल्पना अशी. हरळीसारख्या गवताला सरासरी एकतीस अंश तापमान सगळ्यांत मानवतं. तेव्हा तिची क्षमता शंभर टक्के धरायची. चोवीस अंशांना ती एकसष्ट टक्क्यांवर येते, सतराला जेमतेम चौदा टक्के आणि दहा अंशांना एक टक्का. उतरण सरळ नाही, घसरगुंडीसारखी आहे. मग पूर्ण क्षमतेच्या महिन्याला जास्तीत जास्त किती नत्र द्यायचं ते एकदा ठरवायचं आणि दर महिन्याला त्याचा तेवढा टक्का द्यायचा.

अटलांटासाठी मांडून बघू. कमाल हप्ता हेक्टरी ४० किलो नत्र धरला. तिथली सरासरी तापमानं साधारण एप्रिलमध्ये १७, मेमध्ये २२, जूनमध्ये पंचवीस-सव्वीस, जुलै-ऑगस्टमध्ये २७, सप्टेंबरमध्ये २४ आणि ऑक्टोबरमध्ये १८ अंश. त्यावरून नत्र येतं ते असं: एप्रिल ५ किलो, मे १७, जून २९, जुलै ३४, ऑगस्ट ३४, सप्टेंबर २४, ऑक्टोबर ७. बेरीज १५० किलो. नोव्हेंबर ते मार्च जवळपास शून्य.

सूत्र इथे थांबतं. पुढचं डोकं माणसाने वापरायचं. एप्रिलच्या पाच किलोंसाठी सगळं मैदान फिरण्यात अर्थ नाही, ते मेमध्ये मिळवावेत. ऑक्टोबरचे सात किलो मी तर सोडूनच देईन. अटलांटात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पहिलं दहिवर गोठतं, आणि त्याआधीचा महिना-सव्वा महिना हरळीला नवी पालवी काढायला भरीस घालू नये हा जुना संकेत आहे. पालवीऐवजी काशांत साखर साठवण्याचे ते दिवस. सप्टेंबर संपता संपता नत्र बंद करावं. जुलैचे ३४ किलो मात्र एकदम न देता दोनदा सतरा-सतरा करून द्यावेत.

आकड्यांना घाबरणाऱ्यांसाठी एक तुलना. आपल्याकडे सुरू उसाला शिफारस आहे हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश. आडसाली उसाला नत्र ४०० किलो. त्या मानाने फेअरवेचे दीडशे किलो म्हणजे उपास नाही, पण मेजवानीही नाही. बारा हेक्टर फेअरवेला, ऑक्टोबरचे सात किलो धरून, वर्षाचं १,८०० किलो नत्र लागेल. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं, तर युरियात नत्र ४६ टक्के असल्याने सुमारे ३,९०० किलो, म्हणजे आपल्याकडच्या ४५ किलोच्या ८७ गोण्या.

पोत्यात काय आहे?

पण सगळं युरियातून द्यावं का? युरिया स्वस्त आणि झटपट. गवतावर फेकून तसाच ठेवला, तर त्यातलं बरंच नत्र अमोनिया वायू होऊन उडतं. म्हणून टाकल्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, सहा ते बारा मिलिमीटर पाणी फिरवून तो मातीत उतरवावा लागतो. शिवाय एकदम वाढ फुटते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते.

दुसरा मार्ग म्हणजे हळू सुटणारी खतं. युरियाच्याच दाण्यावर गंधकाचं किंवा प्लास्टिकसारख्या पदार्थाचं कवच चढवतात, आणि दाणा आठवडे-महिने थोडं थोडं नत्र सोडत राहतो. एक पाटाने दिलेलं पाणी, दुसरं ठिबकने. ठिबक महाग पडतं हेही खरं. त्यामुळे मेच्या सुरुवातीला झटपट लागू होणारं थोडं खत, जूनच्या तोंडाशी हळू सुटणारं मोठं खत आणि मध्ये गरज दिसेल तिथे फवारणी, अशी सरमिसळ मला शहाणपणाची वाटते. आठवड्या-दोन आठवड्यांनी चमचाभर नत्र पानांवर फवारण्याची पद्धत ग्रीनवर सर्रास आहे; तीस एकरांवर तिला माणसं आणि यंत्रं पुरवणं हाच प्रश्न होऊन बसतो.

अमोनियम सल्फेट हे तिसरं नाव. ते माती हळूहळू आंबट करतं. उत्तर जॉर्जियातली तांबडी माती मुळातच आंबट, तिला अधूनमधून चुना द्यावा लागतो. तिथे हे खत सतत वापरलं तर चुन्याचं बिल वाढेल. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत हाच दोष गुण ठरतो.

आणि फक्त रंग हवा असेल, तर? क्लबच्या अध्यक्षांची स्पर्धा शनिवारी आहे, गवत जरा फिकं दिसतंय. अशा वेळी नत्र न देता हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारतात. लोहाने दोन-तीन दिवसांत रंग गडद होतो आणि वाढ वाढत नाही. उसावर केवडा पडून पानं पिवळी झाली की आपण जे फवारतो तेच हे.

स्फुरद आणि पालाश: किमान शिल्लक

आता दुसरी वही. हे दोन घटक मातीत नत्रासारखे पळत नाहीत, टिकतात. म्हणून इथे मातीपरीक्षणावर विश्वास ठेवता येतो.

पूर्वी अहवालात 'मध्यम' आलं तरी खत सुचवायचे, कारण आदर्श पातळी उंच धरलेली असायची. पेस टर्फ आणि एशियन टर्फग्रास सेंटर यांनी २०१२ च्या सुमाराला प्रश्न उलटा केला. चांगलं गवत उभं असलेल्या हजारो मातींचे अहवाल घेतले आणि विचारलं, की किती कमी असूनही गवत ठीक चाललंय? त्यातून किमान पातळ्या निघाल्या. मेलिक-३ या पद्धतीने तपासलेल्या मातीत पालाश ३७ आणि स्फुरद २१ पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग.

बँकेतल्या किमान शिलकीसारखं हे आहे. खात्यात किती आहे, वर्षाचा खर्च किती, आणि शिल्लक किमान रेषेखाली जाते का, एवढंच बघायचं. जात असेल तर तेवढाच भरणा करायचा.

खर्च कसा काढायचा? कापलेल्या गवतात नत्राच्या साधारण निम्मं पालाश आणि आठवा हिस्सा स्फुरद असतं. १५० किलो नत्रावर वाढलेलं गवत फार तर ७५ किलो पालाश आणि १९ किलो स्फुरद उचलेल. वरच्या दहा सेंटिमीटर मातीत १ पीपीएम म्हणजे हेक्टरी सुमारे दीड किलो. समजा अहवालात पालाश ८० पीपीएम आलं. म्हणजे खात्यात १२० किलो. किमान शिल्लक ३७ पीपीएम, म्हणजे ५५ किलो. खर्चायला मोकळे ६५. लागणार ७५. तेव्हा बाहेरून भरायचे फक्त १० किलो. पोत्यावरचं पालाश ऑक्साइडच्या भाषेत लिहितात, ते धरून हे साधारण २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पालाशाचं नेहमीचं खत, झालं. सवयीने टाकतात त्याच्यापुढे हे काहीच नाही.

स्फुरद ६० पीपीएम आलं असेल, तर खात्यात ९० किलो, किमान ३२, मोकळे ५८, खर्च १९. या वर्षी शून्य. डीएपी या स्फुरदयुक्त खताचं पोतं उघडायचंच नाही. पेरणीला डीएपी हवंच या सवयीत वाढलेल्या आपल्याला हे पचायला जड जातं, पण जुन्या, दाट गवताखालच्या मातीत स्फुरद बहुधा पुरेसं असतं.

शिवाय हा खर्च आपण वाढीव धरला आहे. फेअरवेवर कापलेलं गवत बहुतेक ठिकाणी उचलत नाहीत, तिथेच पडू देतात. त्यातलं अन्न परत मातीत जातं. म्हणजे पैसे काढून त्याच खात्यात टाकल्यासारखं. काही वर्षांनी नत्राचा आकडाही त्यामुळे खाली आणता येतो.

पालाशाबद्दल एक ठाम समज आहे: शरद ऋतूत भरपूर पालाश घातलं की गवत थंडी सोसतं. अर्धं खरं आहे. पालाश कमी पडलं तर हिवाळ्यात हरळी जास्त मरते आणि पानांवर ठिपके येणारा रोगही वाढतो. पण पुरेसं असताना वर दुप्पट घातल्याने दुप्पट संरक्षण मिळत नाही. घोंगडी हवी, सहा घोंगड्यांनी ऊब सहापट होत नाही.

"शेणखत घालून भागेल की!"

भागतं, काही अंशी. कुजलेलं आणि बारीक चाळलेलं सेंद्रिय खत वापरतातही. अमेरिकेत मिलवॉकी शहराच्या मैलापाण्यातून केलेलं 'मिलॉर्गनाइट' हे दाणेदार खत १९२६ पासून विकलं जातं आणि त्याची पहिली गिऱ्हाइकं गोल्फ मैदानंच होती. शहराचं कटकटीचं काम आणि श्रीमंतांचा छंद यांची अशी गाठ पडली.

अडचण वेगळी आहे. सेंद्रिय खतात नत्रासोबत स्फुरद येतंच. दीडशे किलो नत्र पूर्ण त्यातूनच द्यायचं ठरवलं, तर गवताला लागतं त्याच्या कितीतरी पट स्फुरद दरवर्षी मातीत साचेल. ते शेवटी मातीबरोबर वाहून तळ्यात जातं आणि शेवाळं पोसतं. शिवाय त्यातलं नत्र सूक्ष्मजीव मोकळं करतात, आणि माती गार असेपर्यंत तेही हरळीसारखेच आळसावलेले असतात. जूनमध्ये छान, एप्रिलमध्ये निरुपयोगी.

"पण ऑगस्टा तर एप्रिलमध्येच हिरवंगार असतं!"

वाचकाने हा आक्षेप घेतला नसता तर मी निराश झालो असतो. टीव्हीवर दिसतं ते हिरवं गवत बहुतांशी हरळी नसतंच. शरद ऋतूत तिथे हरळीच्या अंगावर राय नावाच्या गवताचं बी फेकतात. राय गव्हाच्या स्वभावाचं, थंडी आवडणारं. हरळी झोपते आणि राय हिवाळाभर हिरवं राहतं. आपल्या भाषेत हरळी खरिपाची, राय रब्बीचं, आणि एकाच रानात दोन्ही हंगाम. ऑगस्टाचा क्लब मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत खेळासाठी बंदच असतो. हरळीचा खरा बहर टीव्हीवर येतच नाही.

यात खताचा पेच असा होतो. रायला थंडीत नत्र लागतं. ते जितकं गुबगुबीत होईल, तितकं वसंतात हरळीच्या डोक्यावर बसून तिचं ऊन अडवेल, आणि हरळीला सावली अजिबात सोसत नाही. म्हणून वसंताच्या तोंडावर रायचं नत्र आखडतात, गवत खाली कापतात आणि माती तापली की हरळीला भरभरून देतात. साध्या क्लबांना दोन हंगामांचा हा संसार परवडत नाही. ते बी फेकणं सोडून देतात आणि हिवाळ्यात पिवळ्या गवतावर खेळतात, किंवा चक्क हिरवा रंग फवारतात. रंगाला खत लागत नाही.

"इथे शेतकरी युरियासाठी रांगेत आणि तिथे गवताला?"

हा आक्षेप मला टोलवायचा नाही. जूनमध्ये कृषी सेवा केंद्रापुढे लागणारी रांग आणि युरियाबरोबर गळ्यात मारली जाणारी भलतीच बाटली ज्याने सोसली आहे, त्याला गोल्फच्या गवताचं खत खटकणारच. अनुदानाचा युरिया शेतीसाठी आहे, तो तिथेच जायला हवा. पण मैदान जर आहेच, तर त्याने किती कमी खतात भागवावं हा प्रश्न उरतोच, आणि वरचं सगळं गणित कमी घालण्याचं आहे. किमान शिलकीचा हा प्रश्न आपल्या शेतीच्या सल्ल्यातही कुणीतरी असाच बेधडक विचारून बघायला हवा, असं मला अनेकदा वाटतं.

पाण्याच्या प्रदूषणाचा मुद्दाही खरा आहे. दाट वाढणारी हरळी नत्र चटकन उचलते, तिच्याखालून फार थोडं झिरपतं. धोका होतो तो चार वेळांना: गवत झोपलेलं असताना, एका हप्त्यात फार घातल्यावर, रेताड जमिनीत आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर. फ्लोरिडातल्या बऱ्याच काउंट्यांनी जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत घरगुती हिरवळीवर नत्र-स्फुरद घालायला बंदी केली आहे. गोल्फ मैदानांना प्रशिक्षण आणि नियमांच्या अटींवर बहुधा त्यातून सूट मिळते, आणि त्यावरून तिथे वादही होतात. तळ्याकाठी काही मीटरांचा पट्टा बिनखताचा आणि जरा उंच वाढलेला ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

पुण्या-मुंबईत हेच सूत्र लावलं तर

गंमत होते. पुण्यात मेचं सरासरी तापमान तीस अंश, म्हणजे वाढीची क्षमता जवळजवळ शंभर टक्के. सूत्र सांगेल ४० किलो घाला. पण मेमध्ये पाणी असेल तरच. जुलैमध्ये पंचवीस अंशांना सूत्र २८ किलो सांगतं, आणि तेव्हा आकाश आठ-आठ दिवस उघडत नाही. सूत्राला फक्त तापमान कळतं, ढग कळत नाहीत. जानेवारीत वीस-एकवीस अंशांना क्षमता तिसऱ्या हिश्श्यावर येते. हरळी मंदावते, पण अटलांटासारखी झोपत नाही. म्हणजे आपल्याकडे हंगाम बारमाही, आणि लगाम थंडीऐवजी पाण्याचा आणि ढगांचा. मुंबईच्या पावसात जुलैचा मोठा हप्ता म्हणजे पैसे गटारात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, ऊन आणि ओल दोन्ही असतात. आपल्याकडे खताचा मुख्य हप्ता मी तिथे ठेवेन, दुसरा पाण्याची सोय बघून मार्चमध्ये.

फळीची युक्ती

इतकं गणित करूनही ते बरोबर आलं का, हे कसं कळणार? जाणती माणसं खत पसरण्याआधी फेअरवेच्या कडेला प्लायवूडची एक फळी टाकून ठेवतात. यंत्र वरून फिरतं, मग फळी उचलतात. तिच्याखालचा चौकोन बिनखताचा राहतो. आठवड्याभरात तो फिका, आखूड, उठून दिसायला लागला, तर हप्ता खरंच लागत होता. दिसलाच नाही, तर त्या हप्त्याची गरज नव्हती.

दादाने गेल्या जुलैत गॅरेजमधली जुन्या कपाटाची फळी अंगणात टाकून बघितली. तिसऱ्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं होतं, "चौकोन शोधून दाखव." मी बराच वेळ बघितलं. मला सापडला नाही.